आना झेगर्स वाचायची असेल तर कुठून सुरुवात करायची

आना झेगर्स ह्या जर्मन लेखिकेचं नाव सर्च केलं की आधी काय समोर येतं, तर पूर्व जर्मनीच्या लेखक संघटनेची अध्यक्ष, 1952 ते 1978, आणि 1951 चा स्टालिन शांतता पुरस्कार. एवढं वाचून बरेच लोक तिथूनच परत फिरतात, की असेल कोणीतरी सरकारी लेखिका, प्रचारकी लिहिणारी. आणि जे फिरत नाहीत ते थेट सगळ्यात जाड कादंबरी उचलतात, पहिल्या शंभर पानांत इतकी माणसं येऊन जातात की कोण कोणाचा कोण हे कळेनासं होतं, आणि पुस्तक बाजूला पडतं. दोन्ही गोष्टी टाळता येतात, फक्त क्रम जरा विचार करून लावायला लागतो. इंग्रजी अनुवादातून वाचणार असाल असं धरून चालतो, जर्मन येत असेल तर उत्तमच.

क्रमाच्या आधी एक गोष्ट, कारण माझ्या मते झेगर्सच्या सगळ्या लिखाणाचं कुलूप ह्याच किल्लीने उघडतं. तिच्या गोष्टींत कोणीतरी पळत असतं, लपत असतं, पण लक्ष त्या पळणाऱ्यावर ठेवू नका. तो ज्यांच्या दारात जाऊन उभा राहतो त्यांच्याकडे बघा. दार उघडतात का, किती वेळ विचार करतात, उघडल्यावर बायकोला सांगतात का, नाही उघडलं तर नंतर स्वतःची समजूत कशी घालतात. साधी माणसं, कोणी कारखान्यात कामाला, कोणी शिंपीण, कोणी भिंतीला वॉलपेपर लावणारा म्हातारा, आणि एका संध्याकाळी त्यांच्यावर निर्णय येऊन पडतो. हे बघत वाचलंत तर पात्रांची गर्दी त्रास देत नाही, उलट त्या गर्दीसाठीच पुस्तक लिहिलंय हे लक्षात येतं.

सुरुवातीला चरित्र किती माहीत हवं? फार नाही. खरं नाव नेटी रायलिंग, जन्म 19 नोव्हेंबर 1900, ऱ्हाइन नदीच्या काठचं माइन्झ शहर, ज्यू कुटुंब, वडील कला आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी. शिक्षण कोलोन आणि हायडेलबर्गला, कलेचा इतिहास आणि चिनी भाषा-संस्कृती वगैरे, 1924 मध्ये रेम्ब्रांटच्या चित्रांतले ज्यू ह्या विषयावर डॉक्टरेट. झेगर्स हे आडनावही चित्रकलेतूनच उचललेलं, हेर्क्युलेस झेगर्स नावाचा जुना डच चित्रकार होता त्याचं. 1925 मध्ये लास्लो राद्वान्यी ह्या हंगेरियन समाजशास्त्रज्ञाशी लग्न, मग बर्लिन, दोन मुलं, 1928 मध्ये कम्युनिस्ट पक्ष आणि त्याच वर्षी जर्मन साहित्यातला मानाचा क्लाइस्ट पुरस्कार. 1933 मध्ये हिटलर आल्यावर थोडक्या काळासाठी अटक आणि मग स्वित्झर्लंडमार्गे फ्रान्स. बास, इथपर्यंतच. पुढचं आयुष्य पुस्तकांबरोबर येऊ द्या, कारण ते पुस्तकांतच मिसळलंय.

आता पहिलं वाचन. कादंबरी नको, एक दीर्घकथा घ्या. इंग्रजीत 'द डेड गर्ल्स क्लास ट्रिप' ह्या नावाने मिळते, ह्याच नावाचा निवडक कथांचा संग्रह 2021 मध्ये आला, अनुवाद मार्गो बेटाउअर डेम्बो ह्यांचा. कथा एका बैठकीत संपते. मेक्सिकोच्या रखरखीत डोंगराळ भागात एक आजारातून उठलेली बाई चालतेय, एका पांढऱ्या भिंतीच्या फाटकातून आत जाते, आणि कोणीतरी तिला शाळेतल्या नावाने हाक मारतं, नेटी. आत ऱ्हाइनकाठ आहे, पहिल्या महायुद्धाच्या आधीची शाळेची सहल चालू आहे, मुली सी-सॉवर बसल्यात, कॉफी आणि केक आहे, बाई शिकवतायत.

आता ह्या कथेची करामत अशी की प्रत्येक मुलीचं पुढे काय झालं ते निवेदिकेला माहीत आहे आणि ती ते मधेच, त्याच वाक्यात, आवाज न चढवता सांगून टाकते. लेनी आणि मारियाने एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी, पुढे लेनी छळछावणीत उपाशी मरणार, तिच्या लेकराचं काय करायचं म्हणून लोक मारियानेकडे मदत मागायला येणार आणि एसएस ह्या नाझी दलातल्या अधिकाऱ्याची बायको झालेली मारियाने नाही म्हणणार. नोरा नावाची मुलगी झिशेल नावाच्या शिक्षिकाबाईंच्या मागेपुढे करते, त्यांना खुर्ची आणून देते, आणि हीच नोरा पुढे ह्याच बाईंना, त्या ज्यू म्हणून, ऱ्हाइनकाठच्या बाकावरून हाकलणार. म्हणजे दार उघडणं न उघडणं इथूनच सुरू झालंय, शाळकरी वयातून, आणि मारियाने लहानपणापासून वाईट होती असं लेखिका एकदाही म्हणत नाही. उलट तिला सगळ्यात सुंदर दाखवते.

वाचताना कागद घ्या आणि मुलींची नावं लिहून ठेवा, समोर त्यांचं नंतर काय झालं ते. कथा काळात सारखी पुढे मागे उड्या मारते, पहिल्या वाचनात गोंधळ होतो, यादी असली की दुसऱ्या वाचनाला नुसतं बघत बसता येतं. आणि दुसऱ्यांदा वाचाच, लगेच, दुसऱ्या दिवशी.

कथा संपल्यावर, आधी नाही, हे वाचा: झेगर्सची आई हेडविग रायलिंग. 1940 मध्ये वडील गेले, आई माइन्झमध्ये एकटी राहिली, मुलीने तिला बाहेर काढायची धडपड केली पण जमलं नाही, मार्च 1942 मध्ये तिला पोलंडमधल्या पिआस्की घेट्टोत पाठवलं आणि ती परत आली नाही. झेगर्सला स्वतःला 1943 मध्ये मेक्सिको सिटीत गाडीने उडवलं, डोक्याला जबर मार, काही काळ स्मृती गेली होती. त्यातून उठल्यावर ही कथा लिहिली. शेवटी निवेदिका सहलीहून घरी येते, आई वर बाल्कनीत वाट बघत उभी आहे, आणि जिना काही चढून होत नाही. आता तो जिना परत वाचा.

मग 'द सेव्हन्थ क्रॉस'. हीच ती जाड कादंबरी, पण आता तुम्ही तयार आहात. अनुवाद निवडताना सांभाळा, 1942 चा जुना जेम्स गॅल्स्टनचा अनुवाद काटछाट केलेला आहे, 2018 मध्ये आलेला डेम्बोंचा घ्या, तो पूर्ण आहे. जुनी प्रत स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, ह्या पुस्तकात छोटी पात्रं कापली की पुस्तकच कापल्यासारखं होतं.

गोष्ट एका ओळीत: 1937 च्या शरदात वेस्टहोफेन छळछावणीतून सात कैदी पळतात, कमांडंट फारेनबर्ग सात झाडांचे शेंडे छाटून त्यांना आडव्या फळ्या ठोकायला लावतो, सात क्रूस, एकेका पकडलेल्यासाठी एकेक, आणि सातवा रिकामा राहतो. हे पहिल्याच पानांत कळतं, त्यामुळे गेऑर्ग हाइसलर सुटणार का हा सस्पेन्स उरतच नाही, म्हणजे पानापानाला उरतो पण शेवटाला नाही. हे मुद्दाम आहे. सुटणार हे माहीत असल्यावर तुमचं लक्ष कुणामुळे सुटणार ह्याच्याकडे वळतं.

नकाशा उघडा. खरंच, फोनवर मॅप लावा आणि वर्म्स, ओपेनहाइम, माइन्झ, होएख्स्ट, फ्रँकफर्ट अशा खुणा करा. सगळी कादंबरी ऱ्हाइन आणि माइन नद्यांच्या मधल्या एवढ्याशा पट्ट्यात घडते, गाडीने तासाभराचं अंतर, आणि माणसाला ते पार करायला आठवडा लागतो. वेस्टहोफेनची छावणी काल्पनिक आहे पण तिच्यामागे वर्म्सजवळची ऑस्टहोफेनची खरी छावणी आहे, जुन्या कागद कारखान्यात 1933 ते 1934 चालवलेली. म्हणजे कादंबरीतल्या 1937 मध्ये खरी छावणी बंद झालेली होती, आणि झेगर्स तर 1933 पासून जर्मनीतच नव्हती. पॅरिसच्या कॅफेंमधे बसून तिने हा सगळा मुलूख आठवणीतून उभा केलाय, धुकं, सफरचंदाच्या बागा, सायकलवरून शिफ्टला जाणारे कामगार, सगळं. ज्या घरी परत जाता येणार नाही त्याचा एवढा तपशील बघितला की माणूस गप्प होतो.

पात्रांची यादी इथेही करा, पण वेगळ्या पद्धतीने. पळालेले सात एका बाजूला (वालाऊ, बेलोनी, आल्डिंगर, फ्युलग्राबे वगैरे), आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्याशी गेऑर्गची गाठ पडते ते सगळे, प्रत्येकापुढे एकच नोंद, काय केलं. ज्यू डॉक्टर लोवेनस्टाइन त्याचा फाटलेला हात बांधतो, ओळखून न ओळखल्यासारखं करून. माइन्झच्या कॅथीड्रलमधे तो रात्र काढतो, तिथे सापडलेले कैद्याचे कपडे पाद्री जाळून टाकतो. मारेली नावाची सर्कस-नाटकवाल्यांचे कपडे शिवणारी बाई त्याला कपडे देते. आणि माझा सगळ्यात आवडता, हेल्विग नावाचा बागकाम शिकणारा पोरगा, हिटलर यूथमधला, ज्याचं नवं कोरं जॅकेट गेऑर्गने चोरलंय आणि जो आधी त्या जॅकेटसाठी हळहळत असतो. पोलीस जॅकेट आणून दाखवतात, हेच का तुझं, आणि तो म्हणतो हे माझं नाही. कोणी त्याला काही शिकवलेलं नाही, भाषण नाही, काही नाही, चार दिवसांत पोरगा आतल्या आत बदललाय आणि तो बदल एका खोट्या वाक्यात दिसतो. हीरोगिरी कशी लिहावी हे शिकायचं असेल तर हा धागा वेगळा काढून वाचा.

पाउल रोएडरचा भाग आला की वेग कमी करा. बालपणीचा मित्र, दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, पोरंबाळं, सरकारवर तसा खूश, कारण काम आहे, भत्ते मिळतायत. राजकारणाशी देणंघेणं नाही. असा माणूस दार उघडतो, आणि गेऑर्ग पळून आलाय हे कळल्यावरही बाहेर काढत नाही. आणि मग त्याच्या पोटात जो गोळा येतो, बायको लिझलला काय सांगायचं, कोणाला विचारायचं, गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, बोलावतात तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, हे सगळं झेगर्सने इतकं जवळून लिहिलंय की गेऑर्गपेक्षा त्याचीच काळजी वाटायला लागते. वालाऊची चौकशी हाही असाच थांबून वाचायचा भाग, प्रश्न मोठ्याने विचारले जातात आणि उत्तरं फक्त त्याच्या डोक्यात, तोंडातून शब्द नाही.

ह्या पुस्तकाचं छापलं जाणं हीसुद्धा एक पळापळच आहे. मॉस्कोच्या एका मासिकात 1939 मध्ये काही भाग आले आणि हिटलर-स्टालिन करार झाल्यावर छपाई बंद पडली. मग 1942 मध्ये बोस्टनहून इंग्रजीत आणि मेक्सिको सिटीत निर्वासितांच्याच 'एल लिब्रो लिब्रे' ह्या प्रकाशनातून जर्मनमधे. अमेरिकेत प्रचंड खपलं, चित्रकथा झाली, 1944 मध्ये फ्रेड झिनेमनने सिनेमा काढला, स्पेन्सर ट्रेसी गेऑर्ग. सिनेमा पुस्तकानंतर बघा, ह्यूम क्रोनिनचा रोएडर तेवढा छान जमलाय, बाकी पुस्तकातली निम्मी दारं सिनेमात नाहीतच.

तिसरं 'ट्रान्झिट'. हे पूर्ण वेगळं पुस्तक आहे, कोरडं, थोडं विनोदी, आणि मुद्दाम कंटाळवाणं. 1940-41 चं मार्सेय, फ्रान्सच्या दक्षिणेचं बंदर, सगळा युरोप तिथे येऊन अडकलाय, आणि निवेदक एका पिझ्झाच्या दुकानात बसून तुम्हाला, म्हणजे समोरच्या अनोळखी माणसाला, गोष्ट सांगतोय. तो लेखक नाही बरं का, साधा तरुण कामगार आहे. वायडेल नावाच्या लेखकाने पॅरिसमधे आत्महत्या केलीय, त्याची सुटकेस ह्याच्या हाती येते, आणि मेक्सिकोच्या वकिलातीत हाच वायडेल असा समज होतो. वर वायडेलची बायको नवऱ्याला शोधत कॅफे कॅफे फिरतेय, तो मेलाय हे तिला माहीत नाही.

हे वाचायच्या आधी कागदपत्रांचं गणित समजून घ्या, नाहीतर मधली पन्नास पानं डोक्यावरून जातील. मार्सेयमधे राहायचं असेल तर आधी सिद्ध करायचं की तुम्ही इथून जाणार आहात. जायचं तर ज्या देशात जायचं त्याचा व्हिसा हवा, तो असला की वाटेतल्या देशांचा ट्रान्झिट व्हिसा, जहाजाचं तिकीट, आणि ह्या सगळ्यावर फ्रान्सची बाहेर पडायची परवानगी. प्रत्येकाला मुदत. शेवटचा कागद हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असते आणि मग पुन्हा पहिल्यापासून. एक म्हातारा ऑर्केस्ट्रा कंडक्टर आहे, काराकासला नोकरी ठरलीय, त्याच्या मागे मागे जा, आणि दुसऱ्या कोणाचे तरी दोन कुत्रे सांभाळणारी बाई आहे, त्या कुत्र्यांवर तिचा व्हिसा अवलंबून आहे. इथे दारं म्हणजे खिडक्या झाल्यात, काउंटरच्या. उघडणारा माणूस वाईट नसतो, चांगलाही नसतो, तो यादी बघतो. मधे कंटाळा आला तर पानं गाळू नका, तो कंटाळा निवेदकाचाच आहे आणि लेखिकेला तो तुमच्यापर्यंत पोचवायचाय.

आणि हे तिने जगलेलं आहे. 1940 मध्ये नवरा पायरेनीज डोंगरांच्या पायथ्याच्या ल वर्ने छावणीत, जिथे फ्रान्सने परदेशी लोकांना डांबलं होतं, जर्मन फौजा पॅरिसला आलेल्या, ही दोन मुलांना घेऊन पायी निघाली, जमलं नाही, परत पॅरिस, मग जर्मनांच्या ताब्यातला भाग आणि उरलेला फ्रान्स ह्यांच्यामधली सीमारेषा ओलांडून दक्षिणेला छावणीजवळच्या पामिएला, मग मार्सेय. तिथल्या मेक्सिकोच्या वकिलातीने, गिल्बेर्तो बोस्केस तिथे कॉन्सल जनरल होते, असंख्य निर्वासितांना व्हिसा दिले, त्यात हे कुटुंब. मार्च 1941 मध्ये 'कापितेन पॉल लमेर्ल' ह्या जहाजावरून कॅरिबियनमधलं मार्टिनिक बेट, त्याच जहाजावर मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस आणि अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रतों होते. न्यूयॉर्कने आत घेतलं नाही, शेवटी मेक्सिको. 'ट्रान्झिट'वर क्रिस्टियन पेट्झोल्डचा 2018 चा सिनेमा आहे, त्याने गोष्ट तीच ठेवून आजचं मार्सेय दाखवलंय, गाड्या, पोलीस सगळं आजचं. हा मात्र जरूर बघा, पुस्तकानंतर लगेच.

ह्या तीन गोष्टी झाल्या की झेगर्सचा गाभा हाताशी आला. ज्यांना अजून हवंय त्यांनी मागे जाऊन 1928 ची मच्छीमारांच्या बंडाची छोटी कादंबरी वाचावी, सेंट बार्बरा नावाचं गाव, बंड फसलं हे पहिल्याच परिच्छेदात सांगितलेलं (बघा, सवय जुनीच). पुस्तकावर नुसतं झेगर्स एवढंच नाव होतं आणि लिहिणारा पुरुष असणार असंच लोकांनी धरलं होतं. भाषा तासलेली, थंड वाऱ्यासारखी.

1947 नंतरचं काय? इथे जरा थांबून विचार करायला लागतो. ती बर्लिनला परतली, त्याच वर्षी ब्यूखनर हा जर्मन साहित्य पुरस्कार, पुढे पूर्व बर्लिन, आणि मग ते अध्यक्षपद. 'द डेड स्टे यंग' (1949) अजून वाचनीय आहे. 1959 आणि 1968 च्या समाजवादी उभारणीवरच्या दोन जाड कादंबऱ्या, 'निर्णय' आणि 'विश्वास', अभ्यास करत नसाल तर सरळ सोडा, त्यांत पात्रांना दार उघडू की नको असा प्रश्नच फारसा पडत नाही, उत्तर आधीच ठरलेलं असतं.

पण एक प्रसंग माहीत असलाच पाहिजे. वाल्टर यान्का, मेक्सिकोत 'एल लिब्रो लिब्रे' चालवणारा, म्हणजे तिची 'सातवा क्रूस' जर्मनमधे छापणारा माणूस, पुढे पूर्व बर्लिनच्या आउफबाऊ प्रकाशनाचा प्रमुख झाला आणि 1957 मध्ये राजद्रोहासारख्या आरोपांवर त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. खटला चालू असताना झेगर्स कोर्टात बसलेली होती आणि काही बोलली नाही. पडद्यामागे तिने सत्तेतल्या लोकांकडे शब्द टाकला असं सांगतात, पण उघडपणे नाही. यान्काने 1989 मध्ये हे लिहिलं तेव्हा तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. ह्यावरून तिला बाद करणारे आहेत आणि तिची बाजू घेणारेही. मी काय सांगेन, तर ह्याच्या जोडीला 'न्यायी न्यायाधीश' ही तिची कथा ठेवा, एका न्यायाधीशाला निर्दोष माणसाला दोषी ठरवायला सांगतात आणि तो नकार देतो, आणि किंमत मोजतो. ती कथा तिने लिहिली आणि टेबलाच्या खणात ठेवली, छापली गेली 1990 मध्ये. जिने रोएडर लिहिला तिला काय करायला हवं होतं ते चांगलं माहीत होतं, आणि तिने ते केलं नाही, आणि लिहून मात्र ठेवलं. ह्या तिन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवून वाचायचं, एक धरली की बाकीच्या दोन सोडायच्या असं केलंत तर एकतर भक्त व्हाल नाहीतर फिर्यादी.

उशिराच्या लिखाणातून एकच सुचवायचं तर 1971 ची छोटी कादंबरी, 'युबरफार्ट', समुद्रप्रवास. ब्राझीलहून पूर्व जर्मनीला परतणारा एक डॉक्टर जहाजावर सहप्रवाशाला आपल्या प्रेमाची गोष्ट सांगत जातो. पुन्हा जहाज, पुन्हा अनोळखी माणसाला सांगितलेली गोष्ट, 'ट्रान्झिट'च्या पाठोपाठ वाचली तर गंमत येते.

तिकडे जायचा योग आला तर बर्लिनच्या आडलर्सहोफ भागात आना-झेगर्स-श्ट्रासे 81 इथे तिचं राहतं घर म्युझियम म्हणून ठेवलंय, हजारो पुस्तकं जशी होती तशी कपाटांत आहेत, वेळा मोजक्या असतात म्हणून आधी चौकशी करून जा. ऑस्टहोफेनचं स्मारकही बघता येतं, माइन्झहून वर्म्सच्या लोकल ट्रेनने, वाटेत ओपेनहाइम लागतं. ट्रेनमधे बसताना ऱ्हाइनच्या बाजूची खिडकी पकडा.